एकेचाळिसाव्या पानावरची टीप

अक्रा,
१२ जानेवारी १९७६

प्रिय ताई,

तुला, एफुआला आणि धाकट्या दोघांना एकोवचा नमस्कार. लॉरीवाल्याबरोबर पाठवलेले सहा पाव आणि धुरी दिलेली मासळी शनिवारी पोचली. गव्हाचं पीठ मिळेनासं झालेलं असताना तू माझ्यासाठी सहा पाव बाजूला काढतेस, मला खाताना लाज वाटते. लाज वाटते, पण खातो. वासावर शेजारी येऊन दारात उभे राहिले, त्यांना एक दिला.

इकडे सगळं ठीक. ऑफिसातला पंखा बंद पडला तो पडलाच. कागद नाही म्हणून आमचं निवाड्यांचं पुस्तक सात महिने मागे आहे. आमचे संपादक टॅगोसाहेब रोज सकाळी म्हणतात, "बेन्टसिल, कोर्टं निकाल द्यायचं थांबवत नाहीत आणि कागदवाले कागद द्यायला लागत नाहीत." संध्याकाळी घरी जाताना पुन्हा तेच म्हणतात.

आता नोटिशीबद्दल. एफुआनं सगळं नीट लिहिलं आहे, पोरीचं अक्षर चांगलं झालंय. भावोजींना जाऊन वर्ष व्हायच्या आत त्यांच्या भाच्यानं, अटोनं, तुला घराबाहेर काढायला कोर्ट गाठावं याचं मलाही वाईट वाटलं. पण ताई, अटो काही चोर नाही. आपल्यात पुरुषाच्या मागे जे राहतं ते त्याच्या आईकडच्या कुळाचं, त्याच्या आबुसुआचं. मामाचं भाच्याला जातं. बायको आणि पोरं वेगळ्या आबुसुआची, म्हणजे आपल्या. उद्या माझं जे काही असेल ते तुझ्या मुलांनाच जाईल ना. अटो रीतीनं चाललाय, फक्त घाई करतोय.

म्हणून माझं ऐक. त्याच्या कुळाचे वडील मागच्या दोन खोल्या आणि पावाची भट्टी तुझ्याकडे ठेवायला तयार आहेत, असं एफुआ लिहिते. घे. रीतीप्रमाणे दोन बाटल्या जिन घेऊन जा, चार माणसं बसव आणि मिटवून टाक. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. तुझा बायनी वकील तरुण आहे, त्याला नाव काढायचंय. हरला तर त्याचं काय जातं?

आणि एक. मी निवाड्यांच्या पुस्तकाच्या ऑफिसात आहे म्हणून माझ्याकडून काही जुने निकाल मागवू, असं त्या बायनीच्या मनात असेल तर त्याला सांग, ते बरं दिसत नाही. आमचं काम छापायचं. बाजू घ्यायचं नाही.

पोटदुखी अधूनमधून असते, काळजी करू नकोस.

तुझा,
एकोव


अक्रा,
९ फेब्रुवारी १९७६

प्रिय ताई,

एफुआनं तुझं बोलणं शब्दन् शब्द उतरवलंय. ते मी तीनदा वाचलं. "दोन खोल्या? त्या घराच्या पायात समुद्रावरची वाळू आहे, ती माझ्या डोक्यावरून आली. गवंड्यांना चौदा महिने माझ्या भट्टीवरचं खाऊ घातलं. तुझी शाळेची फीसुद्धा पावावरच गेली, एकोव. आणि तू मला पायरी चढू नको सांगतोस? तू चोवीस वर्षं त्याच पायरीवर बसून जेवतोयस."

बोललीस ते बरं केलंस. मी ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं.

तू विचारतेस, न्यायाधीश स्वतःच्या डोळ्यांनी घर बघेल, तुझं ऐकेल आणि ठरवेल. मग जुन्या निकालांची एवढी भीती कसली? ताई, तसं नसतं. तुला तुझ्याच भाषेत सांगतो. तू रोज पीठ मळताना कालच्या आंबलेल्या पिठातला एक गोळा आजच्यात घालतेस. आजच्यातला उद्यासाठी ठेवतेस. कोर्टाचंही तसंच आहे. वरच्या न्यायाधीशानं एखाद्या भांडणात एक निकाल दिला की त्याचं कारण पुढच्या तशाच भांडणात घालायचं. खालच्या कोर्टाला ते घालावंच लागतं, आवडो न आवडो. त्यातूनच लोकांना भरवसा असतो की विनेबाच्या बाईला एक न्याय आणि केप कोस्टच्या बाईला दुसरा असं होणार नाही.

पण न्यायाधीश बोलतो ते सगळंच गोळ्यात जात नाही. ज्या कारणानं निकाल लागला तेवढंच पुढच्याला बांधतं. जाता जाता तो आणखी दहा गोष्टी बोलतो, त्या हाताला लागलेल्या कोरड्या पिठासारख्या झटकून टाकायच्या असतात. यातलं काय कुठलं ते ओळखणं, आणि चार ओळींत लिहून निवाड्याच्या डोक्यावर छापणं, हे आमच्या ऑफिसचं काम. त्या चार ओळींना आम्ही हेडनोट म्हणतो, म्हणजे टीप. कोर्टात बसलेल्या माणसाला दिवसाला वीस खटले. तो चार ओळीच वाचतो.

बायनीला आमच्या पुस्तकातलं एकेचाळिसावं पान सापडलंय, असं एफुआ लिहिते. म्हणजे विनेबाची केस. ते सापडणारच होतं. ते पान तुझ्याविरुद्ध आहे, ताई. म्हणूनच मी मिटव म्हणत होतो. त्यावर लिहिलंय, 'ठरले: पत्नीने केवळ अंगमेहनत दिली असेल, तर पतीच्या घरात तिला वाटा नाही.' बारा वर्षांपूर्वीचं आहे. त्यानंतर सात बायका त्या ओळींवर हरल्या. प्रत्येक निकाल आमच्याकडे छापायला आला आणि प्रत्येकाखाली लिहिलं गेलं, 'विनेबाचा निवाडा अनुसरला.' आता आठवी तू. आणि तुझा खटला वर अपिलात गेला आणि तिथंही हेच म्हणाले, तर मग ते दगडावर कोरल्यासारखं होईल. मग तुझ्यामागून येणाऱ्या कुणालाच वाट नाही. मला झोप लागत नाही ती यामुळे.

यातली एक बाई मी पाहिली आहे. सॉल्टपॉन्डची मान्सा, खारवलेली मासळी विकणारी. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसात आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्याविरुद्धचा कायदा या घरात लिहिला जातो. उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना.

म्हणाली, "मला कायद्याशी भांडायचं नाही. लिहिणाऱ्याचं तोंड बघायचंय."

मी विचारलं, "बघून काय करणार, माय?"

"काही नाही. त्याच्या घरी बायको आहे का विचारेन. ती दिवसभर काय करते ते विचारेन."

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, तो माणूस निवृत्त झाला. ती पाणी पिऊन पेला पालथा घालून गेली. त्या दिवसापासून जिन्यावर पावलं वाजली की माझ्या हातातला पेन थांबतो.

एफुआ विचारते की टिपेच्या शेवटी कंसात तीन अक्षरं आहेत ती कुणाची. पोरगी हुशार आहे. या ऑफिसात पुष्कळ लोक आले आणि गेले, कुणाकुणाची अक्षरं सांगू? तिला म्हणावं शाळेच्या अभ्यासाकडे लक्ष दे.

तू अजूनही मिटवू शकतेस. सुनावणी ३ मार्चला आहे, अजून वेळ आहे.

तुझा,
एकोव


अक्रा,
२७ फेब्रुवारी १९७६

ताई,

हे पत्र टपालानं येत नाही. लॉरीवाला बोअटेंग तुझ्या हातात देईल. सोबत मेणकापडात बांधलेलं एक पुडकं आहे. ते एफुआला सोडू देऊ नकोस. बायनी वकिलाच्या समोर तूच सोड.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं एफुआचं अक्षर बघून मी ते संध्याकाळपर्यंत फोडलं नाही. वाटलं, तिला कळलं. आत तसलं काहीच नव्हतं. तू पिठाच्या गोळ्याचं उत्तर दिलं होतंस. "माझा गोळा बिघडला तर मी तो डुकराला टाकते आणि ताज्या ताडीवर नवा धरते. एवढे शिकलेले लोक, तुमच्याकडे फेकून द्यायची सोय नाही?" आणि खाली एकच ओळ. "एकोवनं मला वाळू वाहताना पाहिलंय. तो साक्षीला येईल ना?"

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू विचारलंस ते असं, की मी येणारच हे तुला ठाऊक होतं.

ताई, ती टीप माझी आहे.

लिहिलं एकदाचं. आता सगळं सांगतो. १९६४ सालचा मार्च, शुक्रवार. विनेबाच्या केसचा निवाडा टाइप होऊन आला होता, एकतीस पानं. त्या वर्षीही कागदाची ओढाताण होती, म्हणून सगळा निवाडा छापायचा नाही, नुसती टीप द्यायची असं ठरलं होतं. म्हणजे बाहेरच्या जगाला माझ्या त्या चार ओळीच दिसणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरावर पत्रे चढायचे होते. भावोजींनी बकरा आणला होता. तू निरोप धाडला होतास की शुक्रवारी संध्याकाळीच ये, नाहीतर तुझ्या वाटचं उरणार नाही. शेवटची लॉरी चारला होती. मी पहिली पाच पानं वाचली आणि शेवटची दोन वाचली. मधली चोवीस वाचली नाहीत.

विनेबाच्या बाईनं घराच्या सिमेंटला पैसे दिले होते. न्यायाधीशांनी तिला अर्धं घर दिलं, पैसे दिले म्हणून. शेवटच्या पानावर म्हातारे जाता जाता बोलले होते, 'हिने नुसते हात राबवले असते तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. पण तो प्रश्न आज माझ्यापुढे नाही.' माझ्यापुढे नाही, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. ते झटकून टाकायचं पीठ होतं. मी घाईत तेच उचललं, 'कदाचित' गाळलं आणि वर 'ठरले' लिहिलं. मग खाली माझी अक्षरं टाकली आणि लॉरी पकडली.

आणि मधल्या पानांत काय होतं ते ऐक. एकोणिसाव्या पानावर त्यांनी लिहिलंय की सिमेंट मोजता येतं म्हणून ते मी मोजतो. डोक्यावरून वाहिलेलं पाणी आणि वाळू कशी मोजायची ते पुढे कुणी न्यायाधीश ठरवील, आणि ठरवताना त्याने ती फुकटची समजू नये. फुकटची समजू नये, ताई. हे त्यांनी लिहिलं होतं आणि मी त्यांच्या नावावर नेमकं उलटं छापलं.

त्या शनिवारी मी तुझ्या अंगणात बसून बकऱ्याचं मटण खाल्लं. तू अजून घमेली वाहतच होतीस, मागची पडवी राहिली होती. डोक्यावरचं फडकं सोडलंस तेव्हा टाळूवरचे केस झिजून गेलेले मी पाहिले. तू हसत म्हणालीस, "घर झालं की उगवतील." ते पुरते उगवले नाहीत. तुझ्याकडे पावती नाही म्हणून बायनी कुरकुरतोय ना? पावती तुझ्या टाळूवर आहे.

मला चूक कधी कळली? पहिली बाई हरली तेव्हाच. दोन वर्षांनी तो निकाल छापायला आला, त्यात माझ्या ओळी होत्या. मी कपाटातून जुना निवाडा काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाचला. वाटलं, टॅगोसाहेबांना सांगावं. मग वाटलं, एकच तर केस आहे. मी त्या निकालाखाली 'अनुसरला' लिहिलं. त्यानंतर सहा वेळा लिहिलं. पहिली चूक घाईची होती, पुढच्या सात माझ्या भीतीच्या आहेत. सवय लागते असं म्हणतात, पण भीतीची सवय लागली नाही.

आता त्या निवाड्याची दुसरी प्रत कुठंच नाही. न्यायाधीश जाऊन नऊ वर्षं झाली. कोर्टाच्या दप्तरातली प्रत वाळवीनं खाल्ली. राहिली फक्त ऑफिसातली कार्बन प्रत, आणि ती मान्सा येऊन गेल्यानंतर मी घरी आणून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली होती. का आणली ते तुझ्यापासून लपवत नाही. जाळायला आणली होती. गेल्या रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, भर दुपारी शेगडी पेटवून मी ती पानं मांडीवर घेऊन बसलो. शेजारणीनं भिंतीवरून विचारलं, "काय शिजवताय आज, मिस्टर बेन्टसिल?" मी म्हटलं, रताळं. मग खरंच रताळं भाजावं लागलं.

सोमवारी टॅगोसाहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"छापलं ते छापलं, बेन्टसिल. बारा वर्षं लोक त्यावर चाललेत. आता ती चूक राहिली नाही, तो कायदा झाला."

"पण तो कुणी केला, साहेब? न्यायाधीशांनी नाही केला."

"वरचं कोर्ट कधीतरी दुरुस्त करील. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आली आहे. त्या टिपेवर तपासली म्हणून सही माझी आहे, तीही न वाचता केलेली. दोघं बुडू."

ते वाईट माणूस नाहीत. दोन भित्री माणसं समोरासमोर बसली की शहाणपणाच्या गोष्टी फार निघतात.

मी जागेवर येऊन बसलो आणि तुझी ती एक ओळ पुन्हा वाचली.

तर असं करायचं. पुडक्यात एकतीस पानं आहेत, मागं शिक्का आणि टंकलेखकाची सही आहे. बायनीला सांग, एकोणिसावं आणि एकतिसावं पान आधी वाच. टीप ही निवाडा नसते, निवाड्याशी जुळली नाही तर न्यायाधीश ती बाजूला ठेवू शकतो. तुझ्या भाषेत, तो गोळा डुकराला टाकता येतो. पण समोरचा वकील विचारणार, ही पानं खरी कशावरून? बारा वर्षांनी अचानक कुठून आली? त्याला उत्तर देणारा माणूस एकच आहे. मी मंगळवारच्या लॉरीनं निघतो. बुधवारी पिंजऱ्यात उभा राहीन, बायबलवर हात ठेवीन आणि दोन गोष्टी सांगेन. एक, मी तुला वाळू वाहताना पाहिलं. दुसरी तुला कळलीच आहे.

पानं माझ्या आधी पाठवतोय, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. पानं माझ्याकडे राहिली तर मंगळवारी माझं पोट दुखेल. ती तुझ्याकडे पोचली की मला मागे फिरायला जागा नाही.

जिंकशील की नाही ते मला ठाऊक नाही. न्यायाधीश म्हणू शकतो की सात वेळा झालं ते आता मी मोडत नाही. अटोचा वकील म्हणू शकतो की बहिणीसाठी भावानं कागद तयार केला. तसं झालं तर घरही जाईल, नोकरीही जाईल आणि मला तुरुंगही असेल.

पण मला सगळ्यात जास्त भीती तू जिंकण्याची वाटते. तू जिंकलीस की त्या सात जणींना कळेल. त्यांचे खटले संपले, ताई. अपिलाची मुदत केव्हाच गेली. नवा निकाल पुढच्यांना उपयोगी पडतो, मागच्यांची घरं परत देत नाही. मान्सा येईल. या वेळी तिला निवृत्त झाला म्हणून सांगायला कुणी नसेल. ती विचारील की तुझ्या बहिणीची वेळ आली तेव्हाच तुला वाचता आलं का. याला मी काय उत्तर देणार? दहा दिवस शोधतोय, मिळत नाही. कारण ते खरं आहे.

मंगळवारी मला तुझ्या घरात झोपायला जागा देशील का? नाही म्हणालीस तर मी लॉरीतळावर बसून राहीन, पण बुधवारी नऊला कोर्टात असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. फक्त त्या दिवशी डोक्यावर फडकं बांधू नकोस.

एफुआला म्हणावं, अभ्यासाचं बोललो ते विसर, तू नीट वाचलं होतंस. पुस्तक काढ, एकेचाळिसावं पान, टिपेच्या खाली कंसात. जोसेफ एकोव बेन्टसिल. तिथं छापलंय तसंच खाली लिहितो, म्हणजे कोर्टात दोन्ही शेजारी ठेवता येतील.

(जे. ई. बी.)